हजार एक

वहिनीचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात आमच्या कॉम्प्युटरची डिस्क भरली.

मी चुकीचं काही लिहिलेलं नाही. वहिनीचंच लग्न. माझ्या दादाची बायको ती वहिनी, आणि दादा दोन पावसाळ्यांपूर्वी वडखळच्या रस्त्यावर अपघातात गेला. पेणला एक हळद शूट करून बाइकवरून घरी येत होता. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही, कारण त्यात शिरले की मी तिथेच अडकते आणि मला कॉम्प्युटरचं सांगायचंय.

आमचं गाव मांडवा आणि अलिबागच्या मधे. घराची पडवी काचा लावून बंद केलीय, तो दादाचा स्टुडिओ. हळदी, लग्नं, साखरपुडे, बारशी, सगळ्याचं शूटिंग. एकदा गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि त्याने चोंढीचं एक अख्खं लग्न खाल्लं. तेव्हापासून दादाने विंडोज काढून लिनक्स टाकलं. लोक यायचे, स्क्रीन बघून विचारायचे, यात विंडोज नाय का? दादा पडवीच्या काचांकडे बोट दाखवायचा, "दोन खिडक्या हायत की. कुठली उघडू?"

वहिनी मुरूडकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला कॉम्प्युटरवर फक्त मराठी टाइपिंग येत होतं. दादाने शिकवलं आणि मग ती त्याच्या कुठल्या कुठे पुढे गेली. दादा शूट करून आणायचा, मेमरी कार्ड तिच्यासमोर टाकायचा आणि झोपायचा. एडिटिंग, आवाज बसवणं, मशीन बिघडलं तर काळ्या स्क्रीनवर बसून दुरुस्त करणं, सगळं ती. मला तिने शिकवलं. कॉलेजातून आले की मी तिच्या शेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढायचे आणि बडबडायचे. दर वाक्याला वहिनी. वहिनी हे बघ, वहिनी हे का असं, वहिनी भूक लागली. ती म्हणायची, "वन्संबाई, श्वास घ्या." वन्सं वगैरे आमच्यात कोणी म्हणत नाही, मला चिडवायला तिने तो शब्द धरून ठेवला होता.

दादा गेल्यावर पण ती इथेच राहिली. काम तिनेच चालवलं. मला वाटलं, हे आता असंच राहणार.

बाबा मांडव्याच्या जेट्टीवर आहेत. बोट लागताना दोर झेलायचा, बांधायचा, माणसं नीट चढली-उतरली का बघायचं. संध्याकाळी जेवताना त्यांचं एकच गाऱ्हाणं. "रुमाल टाकतात शिटीवर आणि वर फोटो काढाया जातात. म्हातारी उभी आन रुमाल बसलेला. मी सरल उचलतो. मानूस कुठाय? मानूस न्हाय तर जागा न्हाय." हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की वहिनी मला ताटाआडून चिमटा काढायची आणि आम्ही दोघी खाली बघून भात चिवडायचो.

अशाच एका जेवणात बाबा म्हणाले, "तला गावात एक स्थल बघितलाय. चांगला हाय मानूस. इलेक्ट्रिकचं दुकान हाय."

मी लगेच, "बाबा, मला एमएस्सी करायचंय, मी नाही."

"तुझा कोन बोलतंय," बाबा म्हणाले आणि ताटातच बघत राहिले.

मला कळायला वेळ लागला. आईला आधीच माहीत होतं, तिचा चेहरा सांगत होता. वहिनी उठली आणि भात घेऊन आली, कोणी मागितला नव्हता. सगळ्यांना वाढला. बाबांच्या ताटात वाढताना बाबा म्हणाले, "पोरी, आमी हाव तवर ठीक. पुढं काय?" ती हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही.

तो माणूस घरी आला तेव्हा मी त्याच्यात काहीतरी खोट शोधायचा खूप प्रयत्न केला. सापडली नाही. त्याचंही दुसरंच लग्न, पहिली बायको आजारपणात गेलेली. तो चहा प्याला आणि पडवीतल्या बोर्डाकडे बघून म्हणाला, हे अर्थिंग बरोबर नाही, आणि तिथल्या तिथे नीट करून दिलं. मला इतका राग आला. राग यायला काही कारण नव्हतं म्हणून जास्त आला.

तो गेल्यावर मी आईला विचारलं, "मग मी तिला काय म्हणायचं?"

आई पाट्यावर वाटत होती. "कोनाला?"

"वहिनीला. लग्नानंतर."

आईचा हात थांबला. "वहिनी न्हाय म्हनायचं. तिच्या घरात बरं दिसत न्हाय ते. त्यांना काय वाटंल?"

"मग काय? नावाने?"

"नावानं कशी मारशील हाक, मोठी हाय तुझ्यापेक्षा." आणि परत वाटायला लागली. म्हणजे हेही नाही, तेही नाही. मी तिचं नाव आयुष्यात कधी घेतलेलं नव्हतं. ते नाव दादाचं होतं, तोच घ्यायचा.

आणि मग ती डिस्क भरली.

वहिनी म्हणाली, जायच्या आधी तुला मशीन नीट करून देते. नवी मोठी डिस्क घेऊ आणि सगळं तिच्यावर हलवू. अलिबागहून डिस्क आणली. मला वाटलं होतं की आपण फोटो उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकतो तसं असेल. ती हसली. आपल्या फायली असतात ‘होम’मध्ये, त्या हलवणं सोपं. पण ‘व्हार’ असतं, त्यात मशीन स्वतःचं रोजचं काय काय लिहीत बसतं. ‘यूएसआर’ असतं, त्यात सगळे प्रोग्राम. मशीन चालू असताना ते त्यांच्यावरच उभं असतं, मग हलवणार कसं?

"सारवताना काय करतो?" तिने विचारलं. "सगळ्यांना बाहेर काढतो. कोणाचं पाऊल पडता नये."

तसं मशीनलाही सांगता येतं. एकट्या माणसाचा मोड असतो त्याला. बाकी सगळं बंद, माउस पण नाही, काळी स्क्रीन आणि बसलेला एकच माणूस. मग नवी डिस्क एका कोपऱ्यात जोडायची, एकेक खोली तिच्यावर उतरवायची. चालू होताना कुठली डिस्क कुठे लावायची याची मशीनकडे एक छोटी फाइल असते, तिच्यात बदल करायचा. आणि परत चालू करून बघायचं.

"आणि जुनं?"

"जुनं लगेच पुसायचं न्हाय," वहिनी म्हणाली. "नवीन उभं राहतंय का बघायचं आधी. जुन्यानं काय तुझं खाल्लंय."

ठरलं असं की तळ्याहून परत आली की दोघी मिळून करायचं. ती आणि आई-बाबा तिकडचं घर बघायला गेले. मी घरी एकटी. आता मी माझ्याच घरात एकटी, नवी डिस्क समोर, आणि मला वाट बघता येते का? नाही येत. मला वाटलं ती येईपर्यंत करून ठेवू, खूश होईल.

तिची पद्धत लांबची वाटली, म्हणून मी नव्या डिस्कवर नवीकोरी सिस्टिम टाकली आणि जुन्या डिस्कवरून ‘होम’ तेवढं उचलून आणलं. नवीन सिस्टिम टाकताना ती विचारते, तुमचं नाव काय? माझ्या डोक्यात बाबांचं वाक्य होतं. बाबा तेव्हा रोज म्हणत होते, दादाच्या नावावरचं सगळं आता तुझ्या नावावर कर. मीटर, पाटी, सगळं. आमच्याकडे गावात बोलायला विषयच तो असतो, कुठली जमीन कोणाच्या नावावर, कोणाचं नाव चढलं, कोणाचं उतरलं. मी माझं नाव टाकलं. पहिलं आणि एकटं. चार वाजेपर्यंत सगळं चालू, लग्नं उघडत होती, हळदी वाजत होत्या. फक्त वहिनीचं फोल्डर उघडेना. परवानगी नाही म्हणे. तिला विचारू म्हटलं.

ते संध्याकाळी आले. वहिनीच्या हातात साडीचा खोका, आईच्या हातात पेढे. मी तिला चप्पल पण काढू दिली नाही नीट, ओढत पडवीत नेलं.

ती बसली. दादाच्या फोल्डरमध्ये जाऊन तिने एक कमांड दिली. फायलींची यादी आली, प्रत्येक फाइलपुढे मालकाचं नाव. सगळीकडे माझं नाव. दादाने पहिल्या कॅमेऱ्यावर घेतलेला समुद्र, माझं नाव. पेणची ती शेवटची हळद, माझं नाव. मग तिने स्वतःच्या फोल्डरची यादी काढली. तिथे नावच नव्हतं. प्रत्येक ओळीत नुसता आकडा. एक हजार एक. एक हजार एक. एक हजार एक.

"हे काय?" मी म्हटलं.

"मशीनला नाव कळत न्हाय," वहिनी म्हणाली. "त्याला नंबर कळतो. पहिला आला त्याला हजार, दुसऱ्याला हजार एक. कुठला नंबर कोणाचा ते एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं, तेवढी फाइल बघून ते आपल्याला नाव दाखवतं. ती फाइल तू आणलीच न्हाय." तिने दादाच्या फोल्डरकडे बोट केलं. "त्याचा नंबर तुला लागला. आणि माझा कोणाचाच न्हाय."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. आई मागे उभी होती, पेढ्याचा पुडा सोडत. चष्मा सरकवून तिने बघितलं.

"हजार एक कोन गं?"

"मी, आई."

"चांगला हाय की," आई म्हणाली. "आहेराचा आकडा. शुभ."

वहिनीला हसू फुटलं. मग मला, मग आईला पण. आम्ही तिघी पडवीत वेड्यासारख्या हसत होतो, आणि कधी ते हसू राहिलं नाही ते कळलं नाही. आईने डोळ्याला पदर लावला आणि वहिनीच्या तोंडात पेढा कोंबला. तिच्याच सोयरिकीचा पेढा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ते पहिल्यापासून केलं, वहिनीच्या पद्धतीने. जुनी डिस्क तशीच होती, पुसलेली नव्हती, म्हणून जमलं. एकट्या माणसाचा मोड, आणि आम्ही दोघी एका खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या. टाइप मी करत होते. "हळू," ती म्हणाली, "मांडव्याची बोट न्हाय सुटत." यूएसआर गेलं. व्हार गेलं. छोट्या छोट्या गोष्टी गेल्या, ती नावांची फाइल पण. मग होम. होम जाताना स्क्रीनवर एकेका फाइलचं नाव वर सरकत जातं. काळ्या स्क्रीनवर मराठी अक्षरं दिसत नाहीत, नुसते चौकोन येतात, म्हणून दादा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. किहीम हळद, सासवणे साखरपुडा, चोंढी बारसं. आमच्या सगळ्या पट्ट्याची लग्नं डोळ्यांसमोरून वर चालली होती. मग एक आलं, ‘आपलं लग्न’. ते बराच वेळ सरकत राहिलं.

"‘आमचं’ नाही लिहिलं त्याने," मी म्हटलं.

"मला दाखवायला केलंन ते फोल्डर," वहिनी म्हणाली. "माझ्याशी बोलताना ‘आमचं’ कशाला म्हणेल?"

ते वर जाऊन दिसेनासं झालं तरी ती तिथेच बघत होती.

मशीन नव्या डिस्कवर उभं राहिलं. नावं सगळी जागेवर. दादा हजार, वहिनी हजार एक. माझं खातं तिने नवीन केलं, हजार दोन. मी आधी तिच्याच खात्यात बसायचे, मला कधी वेगळं लागलंच नव्हतं. मग तिने दादाच्या खात्याला कुलूप लावलं, म्हणजे कोणी आत जाऊ शकणार नाही पण नाव दिसत राहील.

आणि मग तिने स्वतःचं नाव काढून टाकायची कमांड लिहिली.

मी तिचा हात धरला. "वहिनी, कशाला? राहू दे ना."

"जाणाऱ्या माणसाचं खातं उघडं ठेवायचं न्हाय. मीच शिकवलं ना तुला."

"दादाचं ठेवलंस मग."

"त्याचं कोण विचारणार न्हाय. माझं विचारतील, लग्न झालं तरी नाव इथं का म्हणून." तिने माझा हात सोडवला, हळूच. "फायली कुठे जात न्हाय गं. फोल्डर तिथंच राहील. फक्त नाव जाईल. मागच्या वेळी बघितलंस ना, नंबर राहतो."

तिने एंटर दाबलं. मग यादी काढून मला दाखवली. एक हजार एक, एक हजार एक, खालपर्यंत.

"एक लक्षात ठेव," ती म्हणाली. "उद्या कोणाचं नवीन खातं केलंस तर मशीन रिकामा नंबर शोधून देतं. त्याला वाटेल हा रिकामा हाय. हा नंबर ज्याला जाईल त्याचं होईल हे सगळं. तसं नको करू. एवढं करशील?"

मी म्हटलं करीन. मी रडत होते, ती नव्हती. तिने ओढणीने स्क्रीनवरची धूळ पुसली.

लग्न तळ्याच्या देवळात झालं, थोडक्यात. तिला वडील नाहीत, म्हणून कन्यादानाला आमचे आई-बाबा बसले. आईने आदल्या दिवशी माझा प्रश्न सोडवून टाकला होता. "कन्यादान आमी करनार म्हंजे ती आमची लेक. म्हंजे तुझी ताई. ताई म्हन." मी गाडीत पूर्ण रस्ता मनात ताई ताई म्हणत गेले. तळा आतमध्ये आहे, डोंगरात, हवेला खारट वास नाही. इथे ताई म्हणणं जमेल असं वाटलं.

निघायच्या वेळी ती गाडीकडे चालली होती. तिची पाण्याची बाटली माझ्याकडेच राहिली होती. मी मागून पळत गेले आणि तोंडातून जे निघायचं तेच निघालं, "वहिनी."

त्याच क्षणी गाडीच्या दारातून एक मुलगी म्हणाली, "वहिनी, इकडून या." नवऱ्याची धाकटी बहीण. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच भरभर बोलणारी, सकाळपासून वहिनी वहिनी करत होती.

वहिनी तिकडे वळली.

तिची काही चूक नाही. दोन्ही हाका एकाच शब्दाच्या होत्या, जवळची होती ती तिने घेतली. मी बाटली धरून उभी राहिले. आईने माझ्या हातातून ती काढून घेतली आणि पुढे जाऊन खिडकीतून दिली. तेव्हा तिने मागे वळून मला शोधलं, मी बघितलं ते, पण तोवर माझ्यासमोर देवळातल्या दुसऱ्या लग्नाचे बँडवाले आले.

आता ती रविवारी फोन करते. बरी आहे. दुकानाची बिलं लिनक्सवर घेतलीत म्हणाली, नवऱ्याला शिकवतेय. खरंच बरी आहे, आवाजावरून कळतं. मी खूप बोलते, पूर्वीइतकंच, फक्त हाक मारत नाही. वहिनी नाही आणि ताई पण नाही. वाक्याची सुरुवातच "अगं" किंवा "ऐक ना" अशी करते. तिच्या लक्षात आलंय का माहीत नाही. वन्संबाई तीही म्हणत नाही.

परवा बाबांना स्वतःचं खातं हवं होतं. जेट्टीवरच्या पोरांनी त्यांना मोबाइलवर बोटींचे जुने फोटो पाठवलेत, ते मोठ्या स्क्रीनवर बघायचे होते. बाबा शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मी खातं करायला घेतलं. मशीनने नंबर सुचवला, एक हजार एक. त्याच्या मते रिकामा.

मी ते रद्द केलं आणि हाताने नंबर टाकला, एक हजार तीन.

बाबांना कॉम्प्युटर येत नाही, पण आकडे येतात. यादीकडे बोट करून म्हणाले, "हजार, हजार दोन, हजार तीन. मधला का सोरलास?"

"तिथे रुमाल टाकलाय," मी म्हटलं.

कोणाचा ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवले, दोर धरून धरून कडक झालेले.

"मानूस येनार हाय का?"

"नाही."

मला वाटलं आता म्हणतील, मानूस न्हाय तर जागा न्हाय. त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

"बरं," बाबा म्हणाले. "असू दे रुमाल."